सोयरीक नसलेले पाच शब्द

छबू,

तुझ्या जाण्याची बातमी मीच केली. चार ओळी: वय, गाव, मागे कोण, अंत्यसंस्कार कुठे. डेस्कवर कुणी बदल सुचवला नाही. आज अकरावा दिवस आहे. त्या चार ओळींत न बसलेल्या गोष्टींपैकी एक इथे लिहिते आहे, आणि ती आपल्या भांडणाची आहे. दोन वर्षांपूर्वी तू माझ्याकडे एक दुरुस्ती मागितलीस. मी ती छापली नाही. दर भेटीत तू आठवण करून दिलीस, दर भेटीत मी कारण दिलं. आता कारण ऐकायला तू नाहीस, तेव्हा दुरुस्तीच छापते.

तुला सगळं ठाऊक आहे. वाचणाऱ्यांना नाही, म्हणून क्रमानं सांगते.

आपण बीडच्या कचेरीत भेटलो. मी डेस्कवर, तू डीटीपीला. पानं लावायच्या संगणकाचा पासवर्ड पेपरचं नाव आणि एक-दोन-तीन असा होता, आणि तो कुणी विसरू नये म्हणून मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली होती. रुजू झालीस त्याच दिवशी तू ती चिठ्ठी सोलून काढलीस. संपादकांनी विचारलं तेव्हा म्हणालीस, "सर, किल्ली दारालाच लटकवून ठेवायची असंल तर कुलूप कावून घेतलं?" दुसऱ्या दिवशी चिठ्ठी परत लागली. तू परत काढलीस. आठवडाभर हे चाललं. शेवटी तू जिंकलीस की कचेरीतला डिंक संपला, यावर डेस्कवर मतभेद होते.

पुढं तू नोकरी सोडून शिरूर कासारला परत गेलीस आणि स्टँडजवळ सेवा केंद्र काढलंस. दाखले, सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज. रोज फोनवर तक्रार एकच: लोकांचे पासवर्ड. सगळ्यांचा देवाचं नाव आणि एक-दोन-तीन. "लिंबागणेशच्या गणपतीकडं निम्म्या जिल्ह्याची कुलपं सांभाळायला दिलीत," तू म्हणायचीस. "त्याला दुसरी कामं न्हाईत का?"

त्यावरून मी लेख लिहिला. त्याला चार वर्षं झाली. त्यात नियम दिले: निदान आठ अक्षरं, एक अक्षर मोठं, एक आकडा, एक खूण, दर महिन्याला बदला, कुठेही लिहून ठेवू नका. वाचकाला समजावं म्हणून एक उदाहरण दिलं. गावाचं नाव, त्याचं पहिलं अक्षर मोठं, मग ॲटची खूण, मग जन्मसाल. सगळ्या नियमांत बसणारं. तू ते कात्रण काउंटरशेजारच्या भिंतीला लावलंस आणि माझ्या नावाखाली लाल पेननं रेघ मारलीस. "आता मला कुणाला समजावून सांगाया नको," असं फोन करून सांगितलंस. मला बरं वाटलं होतं.

लोकांनी नियम वाचले नाहीत. उदाहरण घेतलं. गणपती सुटला आणि गावं अडकली.

अनिता त्या लोकांपैकी एक. बारावी झालेली. आईबाप दर वर्षी ऊसतोडीला जाणारे, म्हणून वर्षातले सहा महिने ती चुलत्याकडे राहायची. तिला नर्सिंगला जायचं होतं. अर्ज तुझ्या केंद्रावर भरला. पासवर्ड तिनं भिंतीकडे बघून ठरवला आणि काउंटरच्या बाहेरून तुला मोठ्यानं सांगितला. तेव्हा सगळेच तसं सांगायचे. तू "बोला पासवर्ड" म्हणायचीस, माणूस बोलायचा आणि अख्खी रांग ऐकायची.

तिच्या चुलतभावाला, बापूला, ऐकायचीही गरज पडली नाही. घरात तिच्या लग्नाची बोलणी चालू होती आणि मुलगी शिकायला गेली तर ती मोडतील, हे त्याला नको होतं. त्यानं तीच भिंत वाचलेली होती. गाव दोघांचं एकच. चुलतबहिणीचं जन्मसाल त्याला माहीत होतं. आपल्या मोबाईलवर पहिल्याच प्रयत्नात त्यानं तिचा अर्ज उघडला आणि मागे घेतला. अनिताला कळलं तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते.

लग्न तिनं होऊ दिलं नाही. वर्ष मात्र गेलं. त्या हंगामात आणि पुढच्याही ती कोयता घेऊन आईबापांबरोबर उसाला गेली.

अनिताला कळलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तू बीडला आलीस. हातात भिंतीवरून उपटलेलं कात्रण होतं, मागे चुन्याचा पोपडा चिकटलेला.

"हे चुकीचं हाय म्हणून छाप," म्हणालीस.

मी लेख परत वाचला. "यात चूक कुठे आहे? नियम बरोबर आहेत. उदाहरण हे उदाहरण असतं. ते जसंच्या तसं उचलायचं नसतं."

"असं कुठं लिहिलंस?"

"ते लिहायची गरज नसते."

"मग लोकांनी काय उचलायचं? आमच्याकडं माणूस फॉर्म भरतो तो शेजारच्याचा बघून. नमुना बघून. तू नमुना दिलास, त्यांनी तो भरला. चूक तुझी. मी तो भिंतीला लावला, ती चूक माझी. मी माझी उपटून आणली. तुझी तू छाप."

मी तुला दुरुस्तीचा नियम समजावून सांगितला. नाव चुकलं, आकडा चुकला, ठिकाण चुकलं, तर दुरुस्ती. वाचकानं मजकुराचं काय केलं, याची दुरुस्ती नसते. तू शेवटपर्यंत ऐकून घेतलंस. मग माझ्या खुर्चीवर बसलीस, माझ्या मेलचं पान उघडलंस आणि टाईप केलंस. माझं गाव पाटोदा, ॲट, माझं जन्मसाल.

मेल उघडली.

"बघ बाई," तू म्हणालीस. "तुझे नियम तू सुदिक वाचले न्हाईत."

मी चिडले. बदलते म्हणाले. चहा मागवला. तू चहा न घेता गेलीस.

दोन महिने तू माझा फोन उचलला नाहीस. मग एक दिवस तूच केलास आणि "गुरुवारी ये" एवढंच म्हणालीस. मी आले तर केंद्राबाहेर सतरंजी, तिच्यावर बारा-तेरा बायका आणि मधे एक कापडी पिशवी. दहा किलो ज्वारी मावेल एवढी. ऊसतोडीच्या टोळ्या निघायला पंधरा दिवस होते. गावातून सहा महिने बाहेर राहणार असलेल्या या बायकांच्या मोबाईलचं कुलूप, मुलांच्या वसतिगृहाच्या अर्जाचा पासवर्ड, सगळं कुणा दिराकडे, पुतण्याकडे नाहीतर मुकादमाकडे असायचं. ते त्यांच्याकडे यावं म्हणून ती बैठक होती.

पिशवी तुला आबांवरून सुचली, असं तू नंतर सांगितलंस. तुझ्या वडलांची मेंढरं दीडशेच्या वर होती आणि संध्याकाळी वाड्यात घेताना ते कधी मोजायचे नाहीत. नुसते बघायचे आणि म्हणायचे, तुटक्या कानाची राहिली. तू लहानपणी विचारलंस, आबा, मोजत कावून न्हाई? ते म्हणाले, आकडा ध्यानात ऱ्हात न्हाई, जोडी ऱ्हाती. तुटक्या कानाची कायम मारक्या एडक्याच्या मागं. एडका आला आन मागं कुणी न्हाई, म्हंजे ती गेली.

माणसाचं डोकं आकडे टाकून देतं आणि विचित्र जोड्या धरून ठेवतं. तू याच्यावर पासवर्ड उभे केलेस. ती पद्धत दोन वर्षं उशिरा, पण पूर्ण लिहिते.

पिशवीत साठ वस्तू होत्या. सुपारी, खडू, कुकरची शिट्टी, कवडी, दोऱ्याचं रीळ, संपलेला सेल, फणी, चिमटा, मेंढीच्या गळ्यातली घंटी, स्टॅम्पपॅडचं झाकण, असलं काहीबाही. बाई सगळ्यांकडे पाठ फिरवून बसायची. न बघता हात घालायची, एक वस्तू काढायची, बघायची, परत आत टाकायची, पिशवी हलवायची. असं पाच वेळा. एकीनं पिशवीत वाकून बघितलं तेव्हा तू तिच्या हातावर चापट मारलीस. "आवडंल ती घ्यायची न्हाई. हाताला लागंल ती घ्यायची. तुझी आवड घरात सगळ्यांना ठावं हाय."

पाच वस्तू म्हणजे पाच शब्द, एकमेकांशी सोयरीक नसलेले. ते निघाले त्याच क्रमानं मनात एक चित्र करायचं. "असं चित्र करा की सांगाया लाज वाटंल. लाज वाटती ते माणूस विसरत न्हाई, आन सांगतही न्हाई."

एका बाईनं पाचवी वस्तू बघितली आणि पदर तोंडात धरून हसायला लागली. शेजारीण म्हणाली, "काय गं, काय निघालं?"

"अगं, लई वंगाळ हाय."

"सांग की."

"सांगितलंस की परत पाच काढाया लावीन," तू काउंटरवरून म्हणालीस.

शेजारीण म्हणाली, "उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायला लाजत न्हाई, आन सुपारीचं घ्यायला लाजती बघा."

"सुपारी न्हाई निघाली गं."

"हे बी सांगायचं नव्हतं!" तू ओरडलीस. "आता काढ परत."

तिनं खरंच परत पाच काढल्या. मग प्रत्येकीनं आपला पासवर्ड तीनदा टाईप करायचा. चहा घ्यायचा. चहानंतर परत एकदा. दुसऱ्या दिवशी जाता-येता थांबून आणखी एकदा. शब्द इंग्रजी अक्षरांत, आपल्याला सुचतील तसे, फक्त दर वेळी तसेच. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांच्यासाठी चिंचोक्यांची वेगळी पिशवी होती. चिंचोक्यांवर शून्य ते नऊ आकडे. सहा वेळा काढायचे, मोबाईलच्या कुलपासाठी.

मी डेस्कवरची माणूस, आक्षेप घेतले. मोठं अक्षर, आकडा, खूण याशिवाय साइट पुढे जाऊ देत नाही, असं म्हणाले. तू म्हणालीस, शेवटी लावून द्यायचं एकेक, सगळ्यांचं तेच असलं तरी चालेल, ते साइटच्या समाधानासाठी. कुलूप त्या पाच शब्दांचं आहे. दर महिन्याला बदलायचं काय, असं विचारलं. "दर म्हैन्याला बदलायला लावलं की माणूस एक-दोन-तीनवर जातो. कुणाला कळला असा वहीम आला की त्याच दिवशी बदलायचा. एरवी हात लावायचा न्हाई." लिहून ठेवायचा नाही हा नियम तरी बरोबर आहे ना, असं मी म्हणाले. तू म्हणालीस, "आधी ठरवायचं, चोर घरातला हाय का भाईरचा. भाईरचा असंल तर कागदावर लिव्हून पेटीत ठेव, तो काय पेटी उघडाया येतोय? घरातला असंल तर कागद नको." मी अनेक ठिकाणी या विषयावर वाचलं आहे. हा प्रश्न इतक्या सरळ विचारलेला मला कुठे दिसला नव्हता.

मग मी आकडेमोड केली, कारण तेवढंच मला येत होतं. तालुक्यातली गावं शंभर धरली आणि जन्मसालं साठ, तर माझ्या उदाहरणाचे सहा हजार पासवर्ड होतात. त्यातही घरातल्या माणसासाठी एकच. साठ वस्तूंतून पाच वेळा काढलं की सत्त्याहत्तर कोटी शहात्तर लाख होतात, आणि घरातल्या माणसासाठीही तेवढेच.

"कोटी मला सांगू नको," तू म्हणालीस. "घरातल्यासाठीही तेवढेच, हे छाप."

मी म्हणाले, एखाद्या साइटची पासवर्डची यादीच चोरीला गेली तर चोराकडे यंत्र असतं, त्याला सत्त्याहत्तर कोटी फार नाहीत. "मग मेलला सात काढू," तू लगेच म्हणालीस. सात वेळा काढलं की आकडा दोन लाख ऐंशी हजार कोटींच्या जवळ जातो. मेललाच सात का, तेही तू बरोबर ओळखलं होतंस. बाकी सगळीकडचे विसरलेले पासवर्ड मेलवरून नवे होतात. ती एक उघडली की सगळी उघडतात. आणि मेलचा शब्द दुसरीकडे कुठेच वापरायचा नाही.

शेवटचा आक्षेप मी असा घेतला की ही पद्धत पेपरात देता येणार नाही, कारण ती चोरही वाचतील.

"वाचू दे की. पिशवी चौकात टांग. काय काय हाय त्याची यादी बी छाप. गुपित पिशवीत न्हाईच. हात घातल्यावर काय लागलं, त्यात हाय."

मला ते तिथल्या तिथे पटलं होतं, छबू. तरी मी छापलं नाही. ही पद्धत द्यायची तर आधीच्या लेखाचा उल्लेख करावा लागला असता आणि उल्लेख आला की उदाहरण आलं. माझ्याकडे खरं कारण एवढंच होतं. पानावर जागा नाही, विषय शिळा झाला, तज्ज्ञाचं मत हवं, ही बाकीची कारणं मी तुझ्यासाठी तयार केली होती. तुला ते कळत होतं. तू एकदाही तोंडावर म्हणाली नाहीस.

त्यानंतर तू कीबोर्डला लांब वायर लावलीस आणि तो काउंटरच्या बाहेर गिऱ्हाइकापुढे ठेवला. "बोला पासवर्ड" बंद झालं. "टाका पासवर्ड" सुरू झालं. माणूस टाकायचा तेव्हा तू भिंतीकडे बघायचीस. कात्रणाच्या जागी फिकट चौकोन राहिला होता. तिथं तू परत काही लावलं नाहीस. दोन वर्षांत मी सात-आठ गुरुवार आले. दर वेळी परत जाताना माझ्याकडे लिहिण्यासारखं काहीतरी असायचं आणि मी ते दुसऱ्याच कुठल्या तरी बातमीत वापरायचे. तुझे आभार कधी मानले नाहीत. बातमीत स्रोताचे आभार मानायची रीत नाही, आणि बातमीबाहेर मी फारशी तुझ्याशी बोललेच नाही.

शेवटचं बोलणं फोनवर झालं. एक मिनिट पन्नास सेकंद. मोबाईलमध्ये नोंद आहे. अनिताचा अर्ज परत भरायला घेतलाय, असं तू सांगितलंस. तिचं स्वतःचं सिम घेतलं, आधी खात्यावरचा चुलत्याचा नंबर बदलला, मग पासवर्ड काढला. पाच वस्तू. "मला बी ठावं न्हाई काय निघालं," असं अभिमानानं म्हणालीस.

मग: "तुझा बदललास का?"

"या आठवड्यात."

"आन दुरुस्ती?"

"बघते."

"बघ," तू म्हणालीस आणि फोन ठेवलास.

लेख कुणी लिहिला होता हे अनिताला माहीत आहे का, ते विचारायचं माझ्या मनात होतं. विचारलं नाही.

आठव्या दिवशी दत्तानं केंद्राचं शटर उघडलं. तुझा हा धाकटा भाऊ आता केंद्र बघणार आहे. शेजारी म्हणाले, दहावा तरी होऊ दे. तो म्हणाला, "फॉर्मची तारीख दहाव्यासाठी थांबत न्हाई." नर्सिंगच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. मी तुमच्या घरी बसायला आले होते. आईंना भेटून केंद्रावर गेले.

दत्तानं दोन बदल केले होते. कीबोर्ड आत ओढून घेतला होता आणि काउंटरवर दोनशे पानी वही ठेवली होती. आठ दिवस लोक घरी येऊन त्याला विचारत होते, ताई आमचे पासवर्ड कुठं लिव्हून ठेवायची? कुठंच नाही म्हटल्यावर चिडत होते. एक जण दारात म्हणाला होता, "ती गेली आन आमच्या किल्ल्या घेऊन गेली." दत्ताला ते लागलं होतं. त्यानं वहीत रेघा मारल्या होत्या: नाव, गाव, मोबाईल, पासवर्ड. बावीस जणांनी भरूनही दिलं होतं. बहिणीच्या नावाला बोल लागू नये म्हणून तो हे करत होता, हे मला दिसत होतं.

अनिता दुपारी आली. तिचे कागद केंद्राच्या संगणकात स्कॅन करून ठेवलेले होते. ते चढवून अर्ज पक्का करायचा होता. बाकावर बापू बसला होता. सातबारा काढायला आला होता, असं तो म्हणाला.

"बोल पासवर्ड," दत्ता म्हणाला.

"कीबोर्ड द्या इकडं, भाऊ."

"अगं मी टाकतो की. गर्दी बघ."

"द्या इकडं."

बाकावरून बापू म्हणाला, "लई शहाणी झाली बघा आमची."

"झाले," ती मागे न बघता म्हणाली. "तुमच्यामुळंच झाले, दादा."

रांग हसली. दत्तानं कीबोर्ड बाहेर दिला. तिनं ओढणी हातांवर ओढून घेतली आणि टाईप केलं. चुकीचा. परत केलं. चुकीचा. पडद्यावर लाल ओळ आली: आणखी एकदा चुकल्यास खातं चोवीस तास बंद. मुदत संध्याकाळी संपत होती. नंबरवरून नवा पासवर्ड काढायचा तर त्या दिवशी साइटवर झुंबड होती, आणि सकाळपासून एकाचाही ओटीपी वेळेत आला नव्हता.

"विसरली," दत्ता म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, काळजी होती. "म्हणून म्हणतो वहीत लिव्हा. ताईनं तुझा तरी लिव्हून ठेवायचा."

"ताईला ठावं नव्हता. आन मी विसरले न्हाई."

"मग लागंना कावून?"

तिनं डोळे मिटले. ओठ हलत नव्हते. मी तिच्या बाजूला उभी होते. मला पासवर्ड माहीत नव्हता, पडद्यावर नुसते ठिपके होते. दिसत होता तो कीबोर्ड, आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात छोटा हिरवा दिवा. आधीच्या दाखल्यावर मोठ्या अक्षरांत नाव टाकताना दत्तानं कॅप्स लॉक दाबला होता आणि तसाच सोडला होता.

"तो दिवा घालव," मी म्हणाले.

तिनं डोळे उघडले, दिवा बघितला, घालवला. मग टाईप केलं. प्रत्येक शब्दानंतर ती थांबत होती, पाच वेळा. अर्ज उघडला.

कागद चढवायला वीस मिनिटं लागली. पावती छापून आली ती तिनं दोनदा वाचली आणि दुमडली नाही, तशीच दोन्ही हातांत धरून ठेवली. बापूचा नंबर लागला तेव्हा बाक रिकामा होता.

"आज लागला," दत्ता म्हणाला. "उद्या खरंच विसरलीस तर?"

"नवा काढंन. ताई म्हणायची, विसरलेला नवा करता येतो. दुसऱ्याला कळला तर कळला, तो काय परत त्याच्या डोक्यातून काढता येत न्हाई."

दत्तानं वही उघडली. "मग या बावीस जणांचं काय करू?"

"गुरुवारी बोलव," मी म्हणाले. "मी बसते."

त्यानं ते पान फाडलं आणि बारीक तुकडे केले. वही अजून काउंटरवर आहे. तिच्यात रांगेचे नंबर लिहिले जातात.

अनिता माझ्याकडे वळली. "तुमी बसणार?"

"हो."

"मग आधी तुमचा बदला. अजून गावाचं नावच हाय म्हणं. ताई दर गुरुवारी सांगायची."

रांग परत हसली, या वेळी माझ्यावर.

"लेख तुमचा व्हता, ते बी ठावं हाय मला," ती म्हणाली. आवाजात राग शोधला, सापडला नाही. माफीही सापडली नाही.

"दुरुस्ती छापते," मी म्हणाले.

"छापा."

म्हणून ही दुरुस्ती. चार वर्षांपूर्वी पासवर्डविषयी माझ्या नावानं आलेल्या लेखात दिलेलं उदाहरण चुकीचं होतं. गाव आणि जन्मसाल जोडून केलेला पासवर्ड ज्यांच्याकडे असेल त्यांनी तो आजच बदलावा. दर महिन्याला बदला आणि कुठेच लिहू नका, हे दोन सल्लेही मागे घेते. योग्य पद्धत वर दिली आहे. ती शिरूर कासारच्या छबूची आहे. या वेळी उदाहरण दिलेलं नाही.

टोळ्या निघेपर्यंत चार गुरुवार आहेत. चारही मी घेणार आहे, आणि पुढच्या वर्षीचेही. दत्ता म्हणतो पिशवीत वस्तू कमी झाल्यात, कुणीतरी कवडी नेली. नवी आणते.

परवा तुझ्या केंद्रात मी सगळ्यांकडे पाठ फिरवून बसले आणि पिशवीत हात घातला. मेलसाठी, म्हणून सात वेळा. चित्र झालं. तीनदा टाईप केलं, चहा घेतला, परत केलं, बरोबर आलं. अनितानं विचारलं, वंगाळ हाय का? मी हो म्हणाले. काय निघालं ते तिला सांगितलं नाही, छबू, आणि तुलाही सांगणार नाही.